ज्ञान झिरपते का? : ज्ञानप्रसारक सभेपासून बहिःशालापर्यंत

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की प्राध्यापक-कक्षातील फलकावर बहिःशाल व्याख्यानांचे वेळापत्रक लागते. कुणी कोणत्या गावी जायचे, विषय कोणता, स्थानिक केंद्रप्रमुख कोण, मानधनाचे देयक कोणत्या नमुन्यात भरायचे, सारे त्यात असते. आम्ही मराठीचे लोक. त्यामुळे 'संतसाहित्याची सामाजिकता' किंवा 'एकोणिसाव्या शतकातील प्रबोधन' हे विषय बहुधा आमच्या वाट्याला येतात. एस.टी.ने जायचे, सार्वजनिक वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात तासभर बोलायचे, चहा घ्यायचा, उपस्थितीच्या पत्रकावर सही-शिक्का घ्यायचा आणि रात्रीच्या गाडीने परतायचे. गेली कित्येक वर्षे आम्ही हे करीत आलो आहोत आणि त्यात आनंदही मानीत आलो आहोत.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानानंतर मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. वय साठीच्या पुढचे, हातात कापडी पिशवी. विषय एकोणिसाव्या शतकातील निबंधवाङ्मयाचा होता. ते म्हणाले, "सर, तुम्ही इतक्या जुन्या पुस्तकांची नावं सांगितलीत. ती तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत आम्हांला बसून वाचता येतील का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या ग्रंथालयात ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, हे आम्हांला ठाऊक होते. "चौकशी करून सांगतो," असे आम्ही म्हणालो आणि गाडीची वेळ झाल्याचे निमित्त करून निघालो.

त्या प्रश्नाने आमचा पाठलाग केला. आम्ही ज्याला 'विस्तारकार्य' म्हणतो, त्यात नेमके काय विस्तारते? ज्ञान, की त्याची केवळ वार्ता? या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही मागे जाऊ लागलो, तेव्हा मुंबईतील पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या काही विद्यार्थ्यांपाशी येऊन थांबलो.

*

१८४८ साली मुंबईत विद्यापीठ नव्हते. होती ती एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ वर्गणी जमली आणि त्या निधीतून इंग्रजी भाषा, वाङ्मय व शास्त्रे शिकविण्यासाठी प्राध्यापक नेमावेत असे ठरले. या संस्थेत अध्यापक झालेल्या पहिल्या एतद्देशीयांमध्ये बाळशास्त्री जांभेकर होते. १८३२ साली 'दर्पण' आणि १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढून वर्गात शिकविलेली विद्या वर्गाबाहेरच्या मराठी माणसापर्यंत नेण्याचा पायंडा त्यांनी पाडला. कॅल्क्युलसला 'शून्यलब्धि' म्हणणाऱ्या या माणसाला हे पक्के कळले होते, की ज्ञान दुसऱ्याला द्यायचे तर आधी त्याला आपल्या भाषेत नाव द्यावे लागते. १८४६ मध्ये ऐन तारुण्यात ते गेले. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पिढी तोवर उभी राहिली होती.

या पिढीने जून १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तिच्यामागे प्राध्यापक पॅटन यांचे प्रोत्साहन होते आणि सभासदांत आजी-माजी विद्यार्थ्यांचा भरणा होता. दादाभाई नवरोजी, नवरोजी फर्दुनजी, भाऊ दाजी, पुढे विश्वनाथ नारायण मंडलिक ही नावे तिच्याशी निगडित आहेत. सभेत इंग्रजीतून निबंध वाचले जात व त्यांवर चर्चा होई. एवढ्यावरच ती थांबती, तर तिची गणना त्या काळच्या वादविवाद मंडळांत झाली असती आणि आज तिची आठवण काढण्याचे कारण उरले नसते.

परंतु त्याच वर्षी तिला दोन शाखा फुटल्या, एक मराठी व एक गुजराती. मराठी शाखा म्हणजेच 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा'. मराठी व्याकरणकार म्हणून प्रसिद्धी पावलेले दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष झाले. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा लोकांपुढे त्यांच्या भाषेत उपयुक्त विषयांवर निबंध वाचावेत, हा शाखांचा उद्देश. येथे 'उपयुक्त' या शब्दावर थोडे थांबावेसे वाटते. त्या काळी इंग्लंडात कामकरी वर्गासाठी स्वस्त पुस्तिका काढणाऱ्या ज्ञानप्रसारक संस्था होत्या. नाव तेथून आले असावे हे उघड आहे. मात्र मुंबईत आल्यावर शब्दाचा अर्थ बदलला. इंग्लंडात लोकांची भाषा आणि विद्येची भाषा एकच होती. मुंबईत त्या दोहोंमध्ये समुद्र होता. त्यामुळे येथे प्रसार करणाऱ्याला आधी भाषांतरकार, मग परिभाषाकार आणि शेवटी वक्ता व्हावे लागले.

या सभेतील निबंधांचे स्वरूप गोविंद नारायण माडगांवकर यांच्या लेखनातून चांगले दिसते. माडगांवकर हे मिशनच्या शाळेतील शिक्षक. त्यांचे 'शुचिर्भूतपणा' आणि 'ऋणनिषेधक बोध' हे निबंध याच काळातले. शरीराची व घराची स्वच्छता आणि कर्जाचे दुष्परिणाम हे काही पंडिती विषय नव्हेत. लग्नकार्यात सावकाराचे घर भरणाऱ्या आणि गटाराकाठी राहणाऱ्या शहरातील माणसाला ते रोजच्या जगण्यातले होते. पुढे १८६३ मध्ये याच लेखकाने 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक लिहिले. मराठीतील नगरवर्णनाचा हा आद्य ग्रंथ अकस्मात जन्माला आला नाही. सामान्य श्रोत्यासमोर उभे राहून माहिती सांगण्याची जी सवय त्या वर्षांत लागली, तिचे ते फळ आहे, असे आम्हांस वाटते.

एप्रिल १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. ते १८६७ पर्यंत चालले. सृष्टिविज्ञान, इतिहास, भूगोल, चरित्रे, नीती असे नाना विषय त्यात येत. सतरा वर्षे हे मराठी मासिकाच्या दृष्टीने लहान आयुष्य नव्हे. आज मराठी गद्याचा इतिहास शिकविताना आपण चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पाशी, म्हणजे १८७४ पाशी, निबंधाचा उदय मांडतो. शैलीच्या दृष्टीने ते रास्तही असेल. परंतु वाचकाला एखादी गोष्ट क्रमाने समजावून सांगणारे, पल्लेदार नसलेले, उपयोगी गद्य त्याआधीच तयार झाले होते आणि त्याच्या घडणीत या मासिकाचा वाटा मोठा होता. आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्याला दोन ओळींत उरकले आहे.

*

तरीही निबंधवाचन हा या विद्यार्थ्यांच्या कार्याचा सोपा भाग म्हटला पाहिजे. अवघड भाग पुढे आला.

१८४९ मध्ये सोसायटीच्या सभेत बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंध झाला, अनुकूल भाषणे झाली. तेव्हा, केवळ बोलून काय उपयोग, अशा आशयाचे आवाहन प्राध्यापक पॅटन यांनी केले, असे दादाभाईंच्या चरित्रातून कळते. आणि विद्यार्थ्यांनी ते मनावर घेतले. पैसा नव्हता, जागा नव्हती, शिक्षक नव्हते. म्हणून आपणच शिक्षक व्हायचे असे त्यांनी ठरविले. सकाळच्या वेळी, आपापल्या कामावर जाण्यापूर्वी, कुणाच्या तरी घराच्या ओसरीवर मुलींना शिकवायचे. त्यासाठी दारोदार फिरून पालकांची मनधरणी करायची. काही घरांतून आपल्याला जिन्यावरून ढकलून देण्यापर्यंत पाळी आली होती, असे दादाभाईंनी उतारवयात सांगून ठेवले आहे. त्या वर्षी शाळा सुरू झाल्या, तेव्हा पटावर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. पुढे पारशी शाळांना कामा घराण्यातील मंडळींचे द्रव्यसाहाय्य मिळाले; हिंदू मुलींच्या शाळेच्या पाठीशी जगन्नाथ शंकरशेट उभे राहिले आणि त्यांनी जागा दिली.

अडुसष्ट मुली. आकडा लहान आहे. पण ही गोष्ट व्याख्यानाच्या पुढची आहे. व्याख्यानात वक्ता बोलतो आणि घरी जातो. शाळेत त्याला उद्या पुन्हा यावे लागते. निबंध वाचणाऱ्याला श्रोत्याच्या अज्ञानाची जबाबदारी नसते, शिकविणाऱ्याला ती असते. वार्ता आणि ज्ञान यांत आम्ही वर जो फरक केला, तो या ओसरीवर स्पष्ट होतो.

अर्थात, या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे इतिहासाला धरून होणार नाही. मुंबईचे हे तरुण पारशी आणि पांढरपेशा हिंदू समाजांतून आलेले. ज्यांच्या दारी ते गेले, ती घरेही बव्हंशी त्यांच्याच परिचयाची. त्याच सुमारास, १८४८ मध्ये, पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि लवकरच ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांमुलींपर्यंत पोहोचले. त्यांच्यामागे कोणतेही महाविद्यालय नव्हते. ज्ञान कुठवर न्यायचे याची सीमा मुंबईकरांनी आपल्या ओळखीच्या वर्तुळापाशी आखली. फुले दांपत्याने ती मान्य केली नाही. 'प्रसार' या एकाच शब्दाखाली हे दोन वेगळे व्यवहार चालू होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

*

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आता तरी प्रसाराचे काम जोमाने वाढेल, असे कुणासही वाटावे. झाले उलटे.

नवे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. ते स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली, १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांत होते. परीक्षा हाच विद्येचा मापदंड ठरला. त्यातच १८६० च्या दशकात उच्च परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषांना वगळून अभिजात भाषांना स्थान देण्यात आले. ज्या भाषेत ज्ञानप्रसारक सभेने नुकतीच परिभाषा घडवायला घेतली होती, ती भाषा पदवीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली. बुद्धिमान विद्यार्थ्याने मराठीत निबंध का लिहावा? 'मराठी ज्ञानप्रसारक' १८६७ मध्ये बंद पडले, त्याची कारणे अनेक असतील. पण हे वातावरण त्याला पोषक नव्हते, एवढे निश्चित.

या कोंडीची जाणीव सर्वांत तीव्रपणे झाली ती रानड्यांना. १८७५ मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्वानांनी सामान्य नागरिकांसमोर आपल्या अभ्यासाचा विषय मांडावा, ही कल्पना. विद्यापीठाने ज्याला भिंतीआड घेतले, त्याला बाहेर काढण्यासाठी विद्यापीठाच्याच पहिल्या पदवीधराने उघड्यावर मांडलेले हे पीठ आजही चालू आहे. विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणूनही रानडे अखेरपर्यंत झगडले. १९०१ साली ते वारले, त्या सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला. आम्ही ज्या पदवीच्या बळावर पोट भरतो, तिचा हा पूर्वेतिहास आहे.

पण या काळातील सर्वांत बोचरा प्रश्न विचारला तो विद्यापीठाबाहेरच्या माणसाने. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारी शिक्षणधोरणाच्या मुळालाच हात घातला. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण द्यावे, म्हणजे त्यांच्याकडून ज्ञान आपोआप खाली झिरपेल, अशी त्या धोरणामागची श्रद्धा होती. फुल्यांचा सवाल सरळ होता. शेतकऱ्यांच्या करातून ज्यांचे शिक्षण झाले, त्या सुशिक्षितांनी त्या शेतकऱ्यांना परत काय दिले? आपल्या घरी वा इतरत्र गरिबांसाठी त्यांनी वर्ग चालविले काय? की मिळालेली विद्या हा खाजगी दागिना मानून सामान्यांच्या स्पर्शापासून जपून ठेवली? फुले मागणी करून थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी लिहून झालेला 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांसमोर स्वतः वाचून दाखविला. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्यापुढेच ते वाचायचे, ही कसोटी त्यांनी स्वतःला लावून घेतली होती.

या कसोटीवर विद्यापीठीय संशोधन किती उतरेल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

*

विसाव्या शतकात मराठीतील ज्ञानव्यवहाराची मोठी कामे पुष्कळशी विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर झाली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. त्याचे एक संस्थापक वि. का. राजवाडे हे मराठीतच लिहिण्याबद्दल हट्टी होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मर्यादित कंपनी काढून, भाग विकून, तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला. विद्येसाठी मराठी मध्यमवर्गाकडून भागभांडवल गोळा करण्याचा हा उद्योग आज अद्भुत वाटतो. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिच्यातही प्रयोगशाळांतील वैज्ञानिक आणि हौशी नागरिक एकत्र आले.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांनीही बहिःशाल शिक्षण मंडळे काढली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला 'विस्तार' हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. धोरण म्हणून हे महत्त्वाचे होते. पण १८४९ चे विद्यार्थी स्वेच्छेने जे ओसरीवर करीत होते, ते आता परिपत्रकाने ठरू लागले आणि परिपत्रकाबरोबर नमुना, नमुन्याबरोबर रकाना आला. आज पदोन्नतीच्या प्रपत्रात विस्तारकार्यासाठी जागा असते. व्याख्यान झाले हे त्यात नोंदविता येते. कुणाला काय कळले, हे नोंदविण्याची सोय तीत नसते. आम्ही हे कुणावर रोष म्हणून लिहीत नाही. तो रकाना आम्हीही भरला आहे.

*

या लेखाच्या निमित्ताने एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते, कारण त्यात आमच्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर आहे.

आमच्या विभागात अनेक वर्षे विद्यार्थी जात्यावरच्या ओव्या गोळा करून प्रबंधिका लिहीत आले आहेत. विद्यार्थिनी आपल्या आजोळी जाते, आजी-मावश्यांकडून ओव्या उतरवून घेते, त्यांचे वर्गीकरण करते, अर्थ लावते. काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरे पडतात आणि प्रबंधिका कपाटात जाते. ज्यांनी ओव्या सांगितल्या, त्यांच्यापर्यंत ती कधी पोहोचली नाही. त्या पिशवीवाल्या गृहस्थांच्या प्रश्नानंतर आम्ही असे ठरविले, की निदान एक प्रबंधिका तरी जेथून आली तेथे परत न्यावी. तिच्या लेखिकेसह आम्ही त्या गावी गेलो. देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस बायका जमल्या. मुलीने ओव्या आणि त्यांचे अर्थ वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्या-चौथ्या ओवीला एक आजी म्हणाल्या, "थांब गं बाई. ही भावाची न्हाई, दिराची हाय. भाऊ असा कशाला बोलंल?" मग दुसरीने दुजोरा दिला, तिसरीने त्याच ओवीचा आणखी एक पाठ सांगितला. 'बंधुप्रेम' या प्रकरणातील नऊ ओव्या त्या दुपारी तेथून उठून दुसऱ्या प्रकरणात गेल्या. मार्गदर्शक म्हणून त्या प्रकरणावर आमची सही होती. बहिःस्थ परीक्षकांनी ते वाखाणले होते. चूक दाखविली ती अक्षरओळख नसलेल्या बाईने, आणि तीही इतक्या सहजपणे, जणू सुनेच्या हातचे मीठ कमी पडले आहे.

परतताना ती विद्यार्थिनी गप्प होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, आधी यायला हवं होतं ना आपण?" आम्हांला यापेक्षा नेमका निष्कर्ष काढता आला नसता.

'झिरपणे' या रूपकात मुळातच गफलत आहे. पाणी वरून खाली झिरपते, तेव्हा खालच्या जमिनीने फक्त शोषून घ्यायचे असते. ज्ञानप्रसारक सभेनेही श्रोत्याला असेच कोरड्या जमिनीसारखे मानले होते. सभेच्या उदारतेची ती मर्यादा होती. पण मुलींच्या ओसरीवर शिकविताना त्या तरुणांना शब्द बदलावे लागले असतील, उदाहरणे घरातली घ्यावी लागली असतील, आणि पुढे दादाभाई आयुष्यभर आकडेवारीच्या आधारे देशाच्या दारिद्र्याविषयी साध्या वाचकालाही समजेल असे लिहीत राहिले, त्यामागे ती सकाळची शिकवणी नसेलच असे कोण म्हणेल? ज्याला आपण देतो, तोही आपल्याला घडवीत असतो. फुले आपला ग्रंथ शेतकऱ्यांपुढे वाचीत होते तेही, आम्हांस वाटते, याच जाणिवेने.

पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीला कोणत्याही विद्यापीठाचे दार उघडे नव्हते, तिचे नाव आता त्या दारावर आहे. नाव देणे सोपे. त्या नावाने विचारलेला प्रश्न पेलणे कठीण.

त्या पिशवीवाल्या गृहस्थांना आम्ही उत्तर पाठविले. ग्रंथपालांशी आणि प्राचार्यांशी बरीच बोलणी होऊन, शनिवारी दुपारी तीन तास बाहेरच्या वाचकांना ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा मिळाली आहे. गृहस्थ दोनदा येऊन गेले. माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' त्यांनी मागितले आणि वाचताना वहीत काही टिपून घेतले. काय टिपले ते आम्ही विचारले नाही. पुढच्या शनिवारी विचारू.